पाणी, पऱ्हाटी आणि कार्बनचे एजंट : वाचकांच्या प्रश्नांना उत्तरं

शेती, जंगल आणि पाणी यांच्या अर्थकारणावरचं हे सदर आहे. येणारे प्रश्न फिरून फिरून तेच असतात. उन्हाळ्यात बोअरचे, दिवाळीनंतर पऱ्हाटीचे, म्हणजे कापसाच्या झाडांचे, आणि आता बाराही महिने कार्बनचे. साचलेल्यांतले काही आज एकदम घेतो. नाव कोणाचंच देत नाही, तालुका पुरे. प्रश्नासोबत व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणारे व्हिडिओ मात्र पाठवू नका. मी ते उघडत नाही.

धुऱ्यावर (शेताच्या बांधावर) बांबू लावला आहे. तोडायला आणि विकायला वनखात्याचा पास लागतो का? (सेलू, जि. वर्धा)

नाही. 2017 साली भारतीय वन कायद्यात दुरुस्ती झाली, तेव्हापासून वनाबाहेरच्या जमिनीवरच्या बांबूला ती अट राहिली नाही. साग असेल तर मात्र परवानगीशिवाय कुऱ्हाड लावू नका, आधी वनपरिक्षेत्र कार्यालयात जाऊन या.

आमच्या गावात एक जण कार्बन क्रेडिटची नोंदणी करून राहिला. एकरी पंधराशे रुपये फी घेतो. म्हणतो सरकारी योजना आहे, दर वर्षी एकरी तीस हजार खात्यात येतील. अर्ध्या गावानं आधार आणि सातबारा देऊन टाकला. आम्ही द्यावा का? (कळंब, जि. यवतमाळ)

भाऊ, पैसे देणारा माणूस आधी तुमच्याकडूनच पैसे मागतो, तिथंच त्याला चहा पाजून वाटेला लावायचं.

केंद्र सरकारनं 2023 साली कार्बन क्रेडिट व्यापाराची योजना अधिसूचित केली, एवढं खरं. तिचं बंधन मोठ्या उद्योगांवर आहे. कास्तकाराच्या खात्यात दर वर्षी एकरी रक्कम टाकण्याची सोय तिच्यात नाही. तुमच्याकडे आलेला माणूस खासगी आहे, गळ्यात कसलंही ओळखपत्र असो.

आता तीस हजारांकडे वळू. एक क्रेडिट म्हणजे एक टन कार्बन डायऑक्साइड हवेतून कमी केल्याचा, विकता येणारा दाखला. एक एकर काळ्या जमिनीतल्या वरच्या पंधरा सेंटिमीटर मातीचं वजन साधारण आठ लाख किलो भरतं. तुमच्या मातीतला सेंद्रिय कर्ब 0.4 टक्के आहे आणि तुम्ही शेणखत, कुटार, हिरवळीचं खत घालून तो 0.5 वर नेला असं धरा. वाढला आठशे किलो कार्बन. डायऑक्साइडमध्ये त्याचे होतात सुमारे तीन टन, म्हणजे तीन क्रेडिट. तेही दर वर्षी मिळत नाहीत, एकदाच मिळतात. आणि आपल्याकडच्या उन्हात एवढा कर्ब वाढवायला काही वर्षं घाम गाळावा लागतो. बाजारात क्रेडिटचा दर पक्का नसतो. समजा आठशे रुपये मिळाला, तर झाले चोवीसशे. त्यातून माती तपासणी, पडताळणी, नोंदणी आणि कंपनीचा वाटा जायचा. झाडं लावली तर आकडा वाढतो, पण धुऱ्यावरचा आजोबांच्या काळातला कडुनिंब त्यात धरत नाहीत. प्रकल्पामुळे जे नव्यानं वाढलं तेवढंच मोजतात. एजंट मात्र त्याच कडुनिंबाचा फोटो काढून नेतात.

काही प्रकल्प खरेही असतात. ते ओळखायचे कसे, तर करार मराठीत मागा आणि घरी वाचा. मुदत किती वर्षांची आहे? क्रेडिटचा मालक कोण? झाडं जळाली किंवा मुलीच्या लग्नाला तोडावी लागली तर भरपाई कोणी द्यायची? सातबाऱ्यावर भावाबहिणींची नावं असतील तर त्यांच्या सह्या कुठं आहेत? प्रकल्पाचा नोंदणी क्रमांक काय? यातल्या एकालाही उत्तर मिळालं नाही तर सही करू नका. ज्यांनी कागद देऊन टाकले त्यांनी ओटीपी कोणालाही सांगू नये आणि एकदा तालुका विधी सेवा समितीत जाऊन यावं. तिथं सल्ल्याला पैसे लागत नाहीत.

तुम्ही युरियाच्या नावानं नेहमी बोटं मोडता. एवढा वाईट आहे तर सरकार तो इतका स्वस्त का देते? (दारव्हा, जि. यवतमाळ)

युरिया वाईट नाही, त्याचा दर वाकडा आहे. 45 किलोची युरियाची गोणी 266 रुपये 50 पैशांना आणि 50 किलोची डीएपी (स्फुरदाचं खत) साडेतेराशेला, हे समोर ठेवलं की कास्तकाराचा हात कुठं जाणार ते सांगायला अर्थतज्ज्ञ लागत नाही. 2010 साली स्फुरद आणि पालाशयुक्त खतांचं अनुदान अन्नद्रव्यांवर बेतलं गेलं, त्यांचे दर हलले. युरिया त्यातून बाहेर ठेवला, कारण त्याचा दर वाढवायची हिंमत कुठल्याच पक्षात नाही.

आता हा स्वस्तपणा किती महाग पडतो ते कापसात पाहा. नत्र जास्त झालं की पऱ्हाटी हिरवीगार, उंच आणि दाट होते, मावा-तुडतुड्यांना आमंत्रण मिळतं आणि मग फवारणी सुरू. 2017 च्या पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात फवारणीतून विषबाधा होऊन वीसहून अधिक माणसं गेली. त्याला कारणं बरीच होती. औषधांची मिश्रणं, साधा मास्क नसणं, आणि डोक्याच्या वर गेलेल्या दाट पऱ्हाटीत शिरून फवारणं. गोणीवर वाचलेले पैसे कुठं गेले, हे बिलाच्या पावतीवर दिसत नाही.

एक गोष्ट आत्ताच करता येईल. युरियाच्या गोणीसोबत दुकानदार दुसरी बाटली किंवा पुडी गळ्यात मारतो, त्याला बाजारात लिंकिंग म्हणतात आणि ते बेकायदेशीर आहे. पक्कं बिल घ्या आणि तालुका कृषी अधिकाऱ्याकडे लेखी तक्रार द्या. किती नत्र घालायचं ते माती परीक्षणाचा कागद घेऊन कृषी विज्ञान केंद्रात विचारा, शेजाऱ्याला नको.

पऱ्हाटी पेटवली की गुलाबी बोंडअळी मरते म्हणतात. श्रेडरवाला (काड्यांचा भुगा करणाऱ्या यंत्राचा मालक) एकरी भाडं मागतो. जाळलेली फुकटात पडते. काय करावं? (राळेगाव, जि. यवतमाळ)

अळी कशी मारता यापेक्षा केव्हा मारता हे महत्त्वाचं. डिसेंबर संपेपर्यंत पीक वावराबाहेर गेलं पाहिजे. फरदडीचे, म्हणजे हंगाम संपल्यावरही पीक उभं ठेवून घेतलेले, दोन-चार क्विंटल हातात येतात, ते खरं. पण फेब्रुवारी-मार्चपर्यंत झाडावर बोंडं राहिली की अळीचं जेवण सुरू राहतं आणि पुढच्या हंगामात ती तुमच्याच नव्हे, सगळ्या शिवाराच्या कापसात उतरते. तुमचा नफा चार क्विंटलांचा आणि तोटा गावाचा, म्हणून फरदड कोणी एकट्यानं थांबवत नाही. हे ग्रामसभेत ठरवावं लागतं.

दुसरी सवय याहून वाईट. पऱ्हाटी उपटून धुऱ्यावर गंजी रचायची आणि जूनपर्यंत चुलीला वापरायची. त्या गंजीतल्या किडक्या बोंडांत अळी सुखानं झोपलेली असते, उन्हाळा सरता सरता पतंग होऊन बाहेर पडते. जाळून गंजीतली मरेल, जमिनीवर गळलेल्या बोंडांतली राहील. आणि एकरी साधारण टनभर काडी धुरात जाईल, ज्यातला कर्ब तुमच्या मातीला हवा होता.

श्रेडरचं भाडं एकट्याला जड जातं हे मान्य. पाच-सात जणांनी मिळून एकाच दिवशी यंत्र बोलवा, अवजारे बँक (भाड्यानं यंत्रं देणारं केंद्र) जवळ असेल तर तिथला दर विचारा. पेलेट किंवा ब्रिकेटचा, म्हणजे काडी दाबून जळणाच्या गोळ्या-विटा करणारा, कारखाना जवळपास असेल तर काडी विकताही येते. दर मात्र लेखी घ्या, भरणी आणि वाहतूक कोणाकडे तेही. काडी हलकी आणि फुगीर असते, ट्रॅक्टर लांब गेला की भाडंच माल खातं. कारखानदार हे जाणून असतो आणि दर पोचच्या भावानं सांगतो.

वरुड तालुक्यातला संत्रा बागायतदार आहे. पहिला बोअर 300 फुटांचा होता, तो आटला. आता 900 फूट घेतला. सौर पंपासाठी अर्ज केला आहे, सगळ्या बागेला ठिबक केलं. एजन्सीवाला म्हणतो, सौर पंप पर्यावरणपूरक आहे, बिनधास्त चालवा. ठिबकमुळे जे पाणी वाचेल त्यावर आणखी दोन एकर संत्रा लावावा असा विचार आहे. (वरुड, जि. अमरावती)

काका, तुमच्या पत्रातलं शेवटचं वाक्य मी गेली कित्येक वर्षं वेगवेगळ्या हस्ताक्षरांत वाचतो आहे, म्हणून उत्तर लांबणार.

ठिबकनं वाचलेलं पाणी तुम्ही नव्या दोन एकरांना दिलंत, तर वाचलं काय? पाण्याचा प्रत्येक थेंब जास्त कामाला आला, उत्पन्न वाढलं, ते चांगलंच. पण जमिनीतून उपसा होता तेवढाच राहिला. उलट थोडा वाढला, कारण पाटपाण्यातलं जे पाणी मुरून परत खाली जायचं तेही आता जात नाही. 1865 साली जेव्हन्स नावाच्या इंग्रज अर्थशास्त्रज्ञानं कोळशाबद्दल हेच लिहून ठेवलं. यंत्र काटकसरी झालं की कोळशाचा खप घटत नाही, वाढतो. आपण ठिबकचं अनुदान वाटताना पाणी वाचलं असं अहवालात लिहितो आणि भूजलाची पातळी कुठं गेली ते विचारत नाही. वरुड-मोर्शीच्या भूजलाचा उपसा पुनर्भरणापेक्षा जास्त आहे, हे सरकारी मूल्यांकनातच नोंदलेलं आहे, आणि हाच पट्टा ठिबकमध्येही पुढं आहे.

आता दराकडे या. डिझेल इंजिनाच्या काळात तासाला डिझेल जळायचं, ते डोळ्यांना दिसायचं, माणूस वेळेवर इंजिन बंद करायचा. मग वीज आली, पुढं साडेसात एचपीपर्यंतच्या कृषिपंपांचं बिल एप्रिल 2024 पासून माफ झालं. तरी लोडशेडिंग होतं, रात्री तरी मोटर थांबायची. सौर पंपाला तेही नाही. दहा टक्के रक्कम, अनुसूचित जाती-जमातीला पाच टक्के, एकदा भरली की पुढचा प्रत्येक लिटर फुकट. ऊन आहे तोवर पंप सुरू. कोळसा जळत नाही या अर्थी तो पर्यावरणपूरक आहेच, त्याबद्दल माझं भांडण नाही. पण एजन्सीवाला पंप विकतो, पाणी विकत नाही. 'बिनधास्त' म्हणायला त्याचं काही जात नाही. त्यातून तुमचं पाणी 900 फुटांवर. योजनेतले पंप साधारणपणे शंभर मीटरच्या आसपासच्या हेडपर्यंतचे (पाणी उचलण्याच्या उंचीपर्यंतचे) असतात, म्हणजे सव्वातीनशे फूट. तुमच्या बोअरमधून तो किती पाणी उचलेल हे त्याच्याकडून लेखी घ्या. तोंडी घेतलेलं नंतर कोणाला आठवत नाही.

आपल्या काळ्या पाषाणात पाणी साठायला जागाच कमी असते. वरचा कुजलेला थर आणि खालच्या भेगा, बस. त्या भेगा वावराच्या धुऱ्याशी थांबत नाहीत. सगळ्या गावाचं खातं एक आणि पासबुकं घरोघरी वाटलेली, अशी स्थिती आहे. तुम्ही कमी काढलं तर शेजारी काढतो, म्हणून कोणीच कमी काढत नाही. 300 चा 900 झाला तो पाणी जास्त मिळावं म्हणून झाला नाही, शेजाऱ्याच्या आधी मिळावं म्हणून झाला. या शर्यतीत बोअर मशीनवाल्याशिवाय कोणी जिंकलेलं मला माहीत नाही.

नव्या दोन एकरांचा हिशेब करू. सहा बाय सहा मीटरवर एकरी सुमारे 110 झाडं. आज रोप आठ-दहा लिटरवर भागतं, त्यामुळे पहिली तीन-चार वर्षं सगळं छान वाटेल. झाड पुरं वाढलं की मे महिन्यात त्याला दिवसाला शंभर लिटर आणि वर लागतात. 220 झाडांचे झाले रोजचे 22 हजार लिटर. म्हणजे मागणी पुरी होईल ती बाग फळावर आल्यावर, खर्च सगळा होऊन गेल्यावर, आणि तेव्हा बोअरमध्ये काय असेल याची हमी कोणी देत नाही. वाळलेली झाडं कुऱ्हाडीनं तोडून चुलीला घातलेल्या बागा तुमच्या तालुक्यात तुम्हीही पाहिल्या असतील. त्यात भावाचं काय? बांगलादेशानं आयात शुल्क वाढवत नेलं आणि आपल्या संत्र्याचा मोठा ग्राहक हातचा गेला. पाणी आपलं जातं आणि किंमत ढाक्यात ठरते.

कोणी म्हणेल शेततळं करा. पावसाचं, ओढ्याचं पाणी भरणार असाल तर जरूर करा. बोअरचं पाणी उपसून प्लास्टिकच्या तळ्यात भरणं म्हणजे सावलीतलं पाणी उन्हात आणून ठेवणं. मे महिन्यात दिवसाला दहा मिलिमीटर बाष्पीभवन धरलं, तरी तीस बाय तीस मीटरच्या तळ्यातून रोज नऊ हजार लिटर उडून जातात.

यावर उपाय दराचाच आहे, उपदेशाचा नाही. गुजरातच्या खेडा जिल्ह्यात ढुंडी गावातल्या सौर पंपवाल्यांनी 2016 साली सहकारी संस्था केली आणि उरलेली वीज ग्रीडला विकली. तिथं पंप उगाच चालवला की विजेचे पैसे बुडतात. पाणी न उपसण्याचे पैसे मिळायला लागले की माणूस स्वतःच मोटर बंद करतो. आपल्याकडचा एकटा, ग्रीडला न जोडलेला पंप ती संधी देत नाही. ही मागणी बागायतदारांच्या संघटनांनी लावून धरायला हवी. त्या अजून अनुदानाच्या टक्क्यांवरच भांडतात.

तुमच्यापुरतं सांगायचं, तर नवे दोन एकर लावू नका. बागेच्या काही भागात आंबियाऐवजी (हिवाळ्याच्या शेवटी फुलणाऱ्या बहाराऐवजी) पावसाळ्याच्या सुरुवातीचा मृग बहार घेता येईल का ते पाहा, उन्हाळ्यातलं पाणी बऱ्यापैकी सुटतं. पण पाऊस लांबला तर ताण अंगाशी येतो, तेव्हा जमिनीची खोली आणि झाडांचं वय दाखवून तज्ज्ञाला विचारूनच करा. तुमचं गाव अधिसूचित क्षेत्रात येतं का, हे अमरावतीच्या भूजल सर्वेक्षण कार्यालयात विचारा. 2009 च्या भूजल कायद्यानुसार अशा क्षेत्रात शेतीसाठी 60 मीटरपेक्षा खोल बोअर घ्यायला मनाई आहे, आणि तुमचा 900 फुटांचा आहे. अटल भूजल योजनेत काही गावांचा पाण्याचा ताळेबंद मांडला गेला होता. तुमच्या ग्रामपंचायतीत तो कागद असेल तर काढा, भिंतीवर लावा. हिवरे बाजार गावानं पाऊस मोजून पिकं ठरवली आणि शेतीसाठी बोअर बंद ठेवले, तेही ग्रामसभेतच.

सर, उज्ज्वलाचा गॅस आहे पण सिलिंडर भरायला पैसे नसतात. सरपणाला जंगलात जावं लागते. परवा सभेत एका साहेबानं सांगितलं की जंगल आमच्यामुळे संपून राहिलं. खरं आहे का? (अर्जुनी मोरगाव, जि. गोंदिया)

नाही, ताई. डोक्यावरच्या मोळीनं जंगलावर भार पडतो, गावाजवळचं रान विरळ होतं, हे खरं. पण जंगल संपतं ते खाणीनं, रस्त्यानं, धरणानं, आणि त्या साहेबाला ते माहीत असावं. 2016 मध्ये उज्ज्वला आली तेव्हा शेगडी घरात पोचली, रिकामा सिलिंडर भरायचे पैसे पोचले नाहीत. मजुरी मिळते त्या महिन्यात गॅस, नाही त्या महिन्यात चूल, हा साधा मिळकतीचा प्रश्न आहे. व्याघ्र प्रकल्पाजवळच्या गावांना श्यामाप्रसाद मुखर्जी जन-वन विकास योजनेत गॅससाठी मदत मिळते. तुमचं गाव बसतं का ते वनरक्षकाला आणि परिसर विकास समितीला विचारा. आणि मोहाच्या दिवसांत पहाटे एकटीनं जाऊ नका, वाघाला सभेतली भाषणं कळत नाहीत.

चोरबीटीवर तणनाशक मारलं की निंदणाचा खर्च वाचतो. लावावं का? (हिंगणघाट, जि. वर्धा)

नाही. चोरबीटी म्हणजे तणनाशक सहन करणारं, चोरून विकलं जाणारं कापसाचं बियाणं. त्याला मंजुरी नाही, पाकिटाला बिल नाही, उगवलं नाही तर तक्रार कोणाकडे करणार? पर्यावरण संरक्षण कायद्याखाली कारवाई होऊ शकते. मजूर मिळत नाही ही अडचण खरी आहे. तिच्यावर डवरणी आणि अंतराचा सल्ला कृषी विद्यापीठाकडे मागा, पाकिटवाल्याकडे नको.

आमच्या ग्रामसभेला सामूहिक वनहक्क मिळाला आहे. तेंदूचा ठेकेदार म्हणतो, पाने उचलू द्या, पैसे पोळ्याला देतो. मागच्या हंगामाचेही थोडे बाकी आहेत. काही तरुण म्हणतात तेंदू बंदच करा, बांबू विका. (धानोरा, जि. गडचिरोली)

मागचे बाकी असताना पुढची पानं द्यायचा प्रश्न येतोच कुठं?

ठेकेदाराची खेळी समजून घ्या. तेंदूचा, म्हणजे बिडीच्या पानांचा, हंगाम एप्रिल-मेमधला, दोन-तीन आठवड्यांचा. बी-बियाण्याला रोख पैसा हवा असतो नेमका तेव्हा, आणि ही गरज त्याला तुमच्याइतकीच ठाऊक असते. म्हणून तो दर चढा बोलतो आणि चुकारा लांबवतो. चढा दर कागदावर राहतो. लिलावात दराच्या आधी अनामत पाहा. रकमेचा ठरलेला हिस्सा आगाऊ, बाकीचा हप्त्यानं, आणि फळीवरून (पानं गोळा करण्याच्या जागेवरून) बोद, म्हणजे पानांचं पोतं, हलण्याआधी त्या बोदाचे पैसे, हे करारात लिहून घ्या. शेजारच्या ग्रामसभांनी मिळून लिलाव केला तर ठेकेदाराला एका गावाविरुद्ध दुसरं उभं करता येत नाही. थकबाकीसाठी वकिलाची नोटीस द्या, उशीर करू नका. पुढच्या हंगामात तोच माणूस दुसऱ्या नावानं येतो.

आता तरुणांचं. तुमच्याच तालुक्यातल्या मेंढा (लेखा) गावाला 2009 मध्ये सुमारे 1,800 हेक्टरचा हक्क मिळाला, पण बांबूचा वाहतूक पास हातात पडायला एप्रिल 2011 उजाडला, त्यासाठी केंद्रीय मंत्री जयराम रमेश यांना गावात यावं लागलं. कागदावर हक्क आणि हातात पैसा यांत दोन वर्षं गेली, तेवढ्यात दुसरं एखादं गाव नाद सोडून मोकळं झालं असतं. चंद्रपूर जिल्ह्यातल्या पाचगावनं आपल्या जंगलात तेंदू तोडायचाच नाही असं ठरवलं. चांगली पालवी फुटावी म्हणून झुडपं छाटायची, आग लावायची, हे त्यांना नको होतं. बांबूचं उत्पन्न होतं म्हणून हा निर्णय टिकला. तुमच्या जंगलात बांबू किती आहे, फुलोऱ्यावर आला आहे का, किती वर्षांनी कुठल्या भागात तोड घ्यायची, हे आराखड्यात बसवल्याशिवाय तेंदू एकदम बंद करू नका. ज्यांच्या घरात दुसरी रोख मिळकत नाही, त्यांना आधी विचारा. सभेत बायका बोलल्या का, तेही पाहा. पानं त्याच तोडतात आणि पुडे त्याच बांधतात.

सेंद्रिय कापसाचं प्रमाणपत्र एका महिन्यात काढून देतो असं एक कंपनी म्हणते. (समुद्रपूर, जि. वर्धा)

फसवतात. वार्षिक पिकाला दोन वर्षांचा रूपांतर काळ लागतो, फळबागेला तीन. आणि बीटी बियाणं लावून सेंद्रिय कापूस होत नाही, हे तुम्हाला त्या कंपनीनं सांगितलं का? गटातल्या शेतकऱ्यांनीच एकमेकांची शेतं तपासायची पीजीएस पद्धत कमी खर्चाची आहे, 'आत्मा' या कृषी विस्तार यंत्रणेच्या कार्यालयात चौकशी करा.

मी बी.ए. अर्थशास्त्राला आहे. पुस्तकात कुझनेट्स वक्र आहे. देश गरीब असतो तेव्हा प्रदूषण वाढतं, श्रीमंत झाला की कमी होतं. म्हणजे आपण आधी श्रीमंत व्हायचं, पर्यावरण नंतर सुधारेल? (गोंदिया)

परीक्षेत वक्र नीट काढ, अक्षांना नावं दे, गुण मिळतील. बाकीचं असं. कुझनेट्सनं 1955 मध्ये वक्र मांडला तो उत्पन्नाच्या विषमतेबद्दल. पर्यावरणाला तो लावला ग्रॉसमन आणि क्रूगर यांनी, 1990 च्या दशकाच्या सुरुवातीला. शहरातला धूर, गंधकाचे वायू अशा गोष्टींत तो काही देशांत दिसतो. जे नाकाला झोंबतं आणि ज्यांच्या नाकाला झोंबतं त्यांचा आवाज मोठा असतो, ते कमी होतं. कार्बन डायऑक्साइड झोंबत नाही. भूजल दिसत नाही. तिथं वक्र खाली वळेल असं समजून बसता येत नाही.

आणि 'देश' श्रीमंत होतो म्हणजे कोण, हे विचार. चंद्रपूरच्या औष्णिक केंद्राची क्षमता 2,920 मेगावॅट. वीज ग्रीडमधून सगळ्या राज्याला जाते, राख आणि धूर चंद्रपूरला राहतात. 2009 साली केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळानं देशातल्या अतिप्रदूषित औद्योगिक पट्ट्यांची यादी केली, तिच्यात चंद्रपूर वरच्या नंबरांत होतं. राज्याचं दरडोई उत्पन्न वाढलं म्हणून केंद्राजवळच्या दुर्गापूरच्या गच्चीवरची काजळी आपोआप गेली नाही. दंड, दर, न्यायालय, आंदोलन यांनी ती थोडी थोडी हटते. शोधनिबंध लिहायचा असेल तर विषय असा धर आणि मार्गदर्शकांशी आधी बोल. इंटरनेटवरून उतरवू नकोस, कळतं.

गावचा मामा (माजी मालगुजारी) तलाव गाळानं आणि बेशरम नावाच्या झुडपानं भरला आहे. धानाला शेवटचं पाणी मिळत नाही. जिल्हा परिषद म्हणते निधी नाही. ढिवर (मासेमार) बांधव म्हणतात गाळ काढला तर मासळी जाईल. शेतकरी म्हणतात गाळ बांधीत (धानाच्या शेतात) टाकू द्या. कोणाचं ऐकावं? (लाखांदूर, जि. भंडारा)

तिघांचंही, आणि एकाच बैठकीत.

पूर्व विदर्भात असे सहा हजारांहून अधिक तलाव आहेत. कोहळी समाजानं आणि जुन्या मालगुजारांनी (गावाचा सारा गोळा करणाऱ्या जमीनदारांनी) बांधलेले. ते इतकी वर्षं टिकले ते देखभाल करणाऱ्याला त्यातून काही मिळत होतं म्हणून. पाणी, मासळी, गाळ, काठचा चारा, सगळ्याची वाटणी ठरलेली. 1950 नंतर मालगुजारी गेली, ती जायलाच हवी होती. पण तलाव सरकारकडे गेले तेव्हा वाटणीही मोडली. पाळीला भगदाड पडलं तर ते बुजवायचं काम गावाचं राहिलं नाही आणि खात्याचंही झालं नाही.

निधी नाही हे उत्तर अर्धंच आहे. 'गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार' योजना 2017 पासून आहे, 2023 मध्ये ती नव्यानं सुरू झाली. तुमचा तलाव तिच्यात बसवता येतो का, हे मृद व जलसंधारण विभागाला लेखी विचारा. गाळ बांधीत टाकण्याआधी त्याची तपासणी करून घ्या. नुसता चिकण गाळ असला तर पाणी साचून राहील. ढिवरांची भीती खोटी नाही. सगळा तलाव एकसारखा खरवडला तर काठची उथळ जागा जाते, मासळी अंडी घालते ती तिथंच, देवधान (रानटी धान) आणि इतर पाणवनस्पतीही तिथल्याच. एका बाजूचा गाळ या वर्षी, दुसऱ्या बाजूचा पुढच्या वर्षी, काठाचा एक पट्टा कधीच नाही, असं मत्स्य संस्थेसोबत बसून आखा. बेशरम मुळासकट उपटावी लागते. कापली तर दुप्पट फुटते.

आणि हे सगळं मार्च संपायच्या आत ठरवा. ठराव, मोजमाप, मंजुरी, जेसीबी, प्रत्येकाला आठवडे लागतात. मे महिन्यात ठराव करणाऱ्या गावांत यंत्र पोचतं तेव्हा मृगाचा पाऊस लागलेला असतो.